गंगथडी, जालना जिल्हा

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या डाव्या तीरावरील पट्टा. मराठवाड्यात गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात व थडी म्हणजे काठ. त्यावरून हे नाव पडले. अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांचा दक्षिण भाग यात मोडतो. पैलतीर बीड जिल्ह्याचा आहे.

भूरूप : बसाल्ट खडकावर नदीने आणलेल्या गाळाची भारी काळी जमीन येथे आढळते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे 700 मिमी. पाऊस पडतो. पावसाळ्यात तुडुंब वाहणारे पात्र उन्हाळ्यात वाळू आणि डोहांपुरते उरते. वरून कोरड्या दिसणाऱ्या वाळूतही हात-दोन हात खणले की पाणी लागते; या खड्ड्याला झिरा म्हणतात. जिल्ह्यातून वाहणारी दुधना मात्र येथे गोदावरीला मिळत नाही. ती पूर्णेला मिळते व पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीत उतरते.

इतिहास : सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, याच काठावर वरच्या अंगाला आहे. पैठणचा माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नमूद आहे. जिल्ह्याच्या उत्तरेतील भोकरदन (प्राचीन भोगवर्धन) येथील उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी साम्य दाखवते. समुद्रापासून दूर असलेला हा मुलूख सागरी व्यापाराशी जोडलेला होता, हे त्यावरून दिसते. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे 1608 मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. 1948 पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा अंबड औरंगाबाद जिल्ह्यातून आणि परतूर परभणी जिल्ह्यातून त्यात आले. धुळे–सोलापूर महामार्ग शहागड येथे गोदावरी ओलांडतो.

पाणी व शेती : पैठणच्या जायकवाडी धरणाचे 1976 मध्ये उद्घाटन झाले. त्याचा 208 किमी. लांबीचा डावा कालवा या भागातून परभणीकडे जातो. पुढे नदीपात्रातच जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे उच्च पातळी बंधारे झाले. पुराच्या वेळी त्यांची दारे उघडी ठेवतात व पावसाळा सरता सरता बंद करून पाणी अडवतात. त्यामुळे कापूस, तूर व ज्वारीच्या जोडीला ऊस आणि मोसंबी वाढली. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. धरणातून मोठा विसर्ग सुटला की काठच्या गावांना पुराचा वेढा पडतो. ऑगस्ट 2006 मधील पूर असाच होता.

वाळूचा बेसुमार उपसा हे आज या पट्ट्यावरील मोठे संकट आहे. पुराचे पाणी वाळूत मुरते आणि त्यावरच काठच्या विहिरी उन्हाळ्यात तग धरतात. वाळू संपली की झिरा आटतो, आणि झिऱ्यामागोमाग विहीरही आटते.