दिरहम, दाम आणि घुबड

जकातीचा हिशेब मांडताना आपण दोनशे दिरहम चांदीचा निसाब सांगतो. हा 'दिरहम' शब्द मात्र मुळात अरबी नाही. ग्रीकांचा 'द्राख्मा' इराणात 'द्रह्म' झाला आणि तिथून अरबीत दिरहम म्हणून रुळला. तोच शब्द दुसऱ्या वाटेने भारतात आला, संस्कृतात 'द्रम्म' झाला, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत दिसू लागला आणि त्याचाच 'दाम' आज आपल्या तोंडी आहे. दाम आणि दिरहम ही भावंडे आहेत, याची आम्हांला मोठी गंमत वाटते.

द्राख्मा म्हणजे मूठभर. पूर्वी लोखंडी सळया चलन म्हणून वापरत, एक सळई म्हणजे ओबोल आणि सहा ओबोलांची एक मूठ, असे जुने ग्रीक लेखक सांगतात. चांदीचे नाणे आले तरी नावे तीच राहिली.

अथेन्सचे चार द्राख्मांचे नाणे सुमारे १७ ग्रॅम भरे. एका बाजूला अथीना देवी, दुसऱ्या बाजूला तिचे घुबड. ही चांदी लॉरियनच्या खाणीतली. इ. स. पूर्व ४८३ च्या सुमारास तिथे मोठे घबाड लागले. ते नागरिकांत वाटायचे घाटत होते. थेमिस्टोक्लीसने त्यातून लढाऊ जहाजे बांधायला लावली आणि इ. स. पूर्व ४८० मध्ये सालामिसला इराणी आरमार हरले. इतिहासाची पुस्तके इथवर उत्साहाने सांगतात. खाणीत कोण उतरत होते, यावर ती फारशी थांबत नाहीत.

उतरत होते ते गुलाम. सेनानी निकियास याने आपले एक हजार गुलाम एका ठेकेदाराला खाणकामासाठी भाड्याने दिले होते, असे झेनोफोन लिहितो. दर डोई रोज एक ओबोल, आणि हजाराचा आकडा कायम भरून ठेवायचा! म्हणजे एक गेला की दुसरा उभा करायचा. मालकाला दिवसाला चाळीसवर घुबडे घरबसल्या. हजरत यूसुफ (अलै.) मोजक्या दिरहमांना विकले गेले, हे सूरह यूसुफमध्ये वाचलेल्यांना चांदी आणि माणसाचा असा सौदा नवा नाही.

इ. स. पूर्व ४१३ मध्ये स्पार्टाने जवळच डेकेलियाला ठाण मांडले, तेव्हा वीस हजारांहून अधिक गुलाम पळाले. खाणी ओस पडत गेल्या आणि काही वर्षांतच अथेन्सला तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढावी लागली.

घुबडाची नक्कल पुढे यमनच्या प्राचीन राज्यांनीही केली. अरबस्तानात इस्लामपूर्व काळात इराणी बादशहांच्या चेहऱ्यांचे दिरहम चालत. उमय्यद खलिफा अब्दुल मलिक यांनी हिजरी ७९ मध्ये, म्हणजे इ. स. ६९८-९९ मध्ये, चेहरे काढून केवळ अक्षरांचा दिरहम पाडला. वजन तीन ग्रॅमच्या आत, नाव मात्र तेच, मुठीचे.