वादळाने किनाऱ्याला लागलेली जहाजे

ठरलेले बंदर सोडून तुफानामुळे भलत्याच बंदरात शिरलेले, किंवा किनाऱ्यावर आपटून फुटलेले जहाज. पहिल्या प्रकारात प्रश्न जकातीचा, दुसऱ्यात मालकीचा; कोकणात तंटा झाला तो दुसऱ्यावरून. नैर्ऋत्येचे वारे सुटण्याआधी इथली गलबते खाड्यांत ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हा समुद्रात लोटत. या दिवसांत सापडलेल्या परक्या जहाजाला आसरा मिळणे कठीण.

1674 साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. आयात मालावर अडीच टक्के जकात असावी, तसेच किनाऱ्याला लागलेली इंग्रजी जहाजे मालासह परत मिळावीत, अशा त्याच्या मागण्या होत्या. दुसऱ्या मागणीला महाराजांचा आक्षेप त्यांचे मंत्री निराजी रावजी यांनी कळवला: वादळाने लागलेले जहाज परत करणे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि इंग्रजांना ही सवलत दिली तर फ्रेंच, वलंदेजही (डच) ती मागतील. या उत्तरात लोभ शोधणे अन्यायाचे होईल. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज एका टोपीकरासाठी मोडायचा का, हा राज्यकर्त्याचा रास्त प्रश्न होता. इंग्लंडातही फुटक्या जहाजाच्या मालावर राजा हक्क सांगे. 1275 च्या कायद्याने एवढेच ठरले की माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटले तर मालकाला वर्ष आणि एक दिवसाची मुदत मिळावी.

पहिल्या प्रकारातला जकातीचा प्रश्न अमेरिकेने 1799 च्या कायद्यात तपशिलाने सोडवला. वादळाने बंदरात आलेल्या कप्तानाने 24 तासांत शपथेवर कारण नोंदवायचे. दुरुस्तीसाठी माल उतरवावा लागला तर तो जकात अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवायचा. नासका माल किंवा दुरुस्तीच्या खर्चापुरता माल विकता येई आणि जकात तेवढ्यावरच बसे. उरलेला माल पुन्हा भरून न्यायला जकात नसे. संकटातल्या खलाशाला वाचवायचे, पण संकटाच्या नावाखाली चोरटा माल उतरू द्यायचा नाही, ही दोन्ही कामे या नियमांनी साधली.

आपला 1962 चा सीमाशुल्क कायदाही याच वाटेने जातो. वादळामुळे भलतीकडे लागलेल्या जहाजाच्या प्रमुखाने जवळच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला लगेच कळवायचे असते. परवानगीशिवाय माल उतरवता येत नाही, उतारू किंवा खलाशी आसपासचा परिसर सोडू शकत नाहीत. प्रकृती, सुरक्षितता, जीव किंवा मालमत्ता वाचवण्यासाठी मात्र दोन्ही गोष्टींची मुभा आहे.