आयांच्या बाजारातला एक दिवस

फौजीला आऊटपास मिळाला की तो आधी बाजार गाठतो. काही घ्यायचंच असतं असं नाही. पोरंबाळं, घासाघीस, तळणाचा वास, संसारी माणसांची गडबड नुसती बघितली तरी महिन्याचा शीण जातो. नोकरीत मी बरेच बाजार पायाखाली घातले. मनात घर करून राहिला तो इंफाळचा इमा कैथेल.

मणिपुरी भाषेत इमा म्हणजे आई आणि कैथेल म्हणजे बाजार. नावाप्रमाणे इथे विकायला बसतात त्या फक्त बायका, त्याही बहुतेक लग्न झालेल्या. संख्या हजारोंमध्ये. पुरुष दिसतात ते गिऱ्हाईक नाहीतर हमाल म्हणून. आईची जागा पुढे मुलीकडे किंवा सुनेकडे जाते.

हिवाळ्यातल्या एका सुट्टीला आम्ही चौघे साध्या कपड्यांत निघालो. आत शिरताच नाकात भरला तो ङारीचा वास. ङारी म्हणजे आंबवलेली छोटी मासळी. आमच्यातला रत्नागिरीचा गडी खूश झाला, देशावरच्या दोघांनी रुमाल काढले. पलीकडे फानेक आणि ओढण्यांचे ढीग, मोइरांगच्या विणकरांचं पातळ कापड, बांबूच्या टोपल्या, तामेंगलोंगची संत्री, आणि जिभेला नुसती लागली तरी घाम फोडणारी उमोरोक मिरची. बाहेर एका बाकड्यावर सिंगजू खाल्लं. बारीक चिरलेला कोबी, कमळाचे देठ, तिखट आणि ङारी एकत्र कालवतात. सोबत गरम बोरा, म्हणजे आपली भजीच. रुमालवाल्यांनीही दुसरी प्लेट मागितली.

पोट भरल्यावर प्रश्न पडला, बाजार बायकांच्याच हाती का? उत्तर गावच्या जुन्या इतिहासात आहे. मणिपूरच्या राजवटीत लल्लूप नावाची पद्धत होती. प्रत्येक पुरुषाने दर चाळीस दिवसांतले दहा दिवस राजाचं काम करायचं. रस्ते, नाले, लढाई, जे पडेल ते. पुरुष हुकमावर गेले की शेत, माग आणि बाजार बायका सांभाळत. १८९१च्या युद्धात इंग्रज जिंकले आणि १८९२मध्ये लल्लूप बंद झालं. तोवर बाजार बायकांचा होऊन गेला होता.

१९०४मध्ये इंफाळात इंग्रज अधिकाऱ्यांचे बंगले जळाले. ते पुन्हा बांधायला पुरुषांनी फुकट राबावं आणि दूरवरून लाकूड आणावं, असा हुकूम निघाला. म्हणजे लल्लूपच परत आलं. बाजारातल्या बायका रस्त्यावर उतरल्या. हे पहिलं नूपी लान, म्हणजे बायकांचं युद्ध.

दुसरं १९३९चं. त्या वर्षी अतिपावसाने पीक गेलं होतं. तरी गिरण्यांतला तांदूळ राज्याबाहेर जातच राहिला आणि भाव चढला. तांदूळ महागला हे दरबाराआधी कळलं बाजाराला, कारण मापं याच बायकांच्या हातात होती. १२ डिसेंबरला त्या दरबाराच्या कचेरीवर गेल्या. महाराज नवद्वीपला होते. तेव्हा बायकांनी दरबाराचे इंग्रज अध्यक्ष शार्प यांना तारघरात नेलं आणि महाराजांना तार करायला लावली. उत्तर येईपर्यंत साहेबांना हलू दिलं नाही. मग आसाम रायफल्सचे जवान आले. संगिनी आणि बंदुकीचे दस्ते चालले, वीसएक बायका जखमी झाल्या. दुसऱ्या दिवशी निर्यातबंदीचा हुकूम आला. तरीही बायकांनी वर्षभराहून अधिक काळ बाजारावर बहिष्कार घातला. जिच्या घरची चूल विक्रीवर चालते, तिने स्वतःच बाजाराला पाठ फिरवणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको.

पुढे युद्ध आलं. मे १९४२मध्ये इंफाळवर जपानी बॉम्ब पडले. मार्च १९४४मध्ये याच राज्यातल्या सांगशाकला आपल्या पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण जपान्यांशी लढली. ती गोष्ट आम्हाला पलटणीत पाठ असते. बाजाराची गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

जवळच नूपी लानचं स्मारक आहे. पुतळ्यातल्या बायका संगीनधारी सैनिकांना भिडलेल्या आहेत. आम्ही चौघे बराच वेळ गप्प उभे होतो. तेव्हाचा हुकूम परक्या सरकारचा होता, हे खरं. पण २००४पर्यंत शेजारच्या कांगला किल्ल्यात फौजेचाच तळ होता, आणि आमचे कापलेले केस बघून बाजारात आवाज खाली येतात, हेही खरं. वर्दीचा हा हिशेब आम्हाला वारशात मिळालाय. तो ओळखूनच तिथे वावरावं लागतं.

परतताना एका इमाकडे चाकहाव, म्हणजे काळा तांदूळ, घ्यायला थांबलो. सवयीने भाव पाडू लागलो. तिने वर बघितलं.

"फौजी?"

"हो."

"माँ क्या करती है?"

असं कुणी विचारलं की मी शेती सांगतो. त्या दिवशी खरं सांगितलं. आई सातारा भागातल्या आठवडी बाजारात भाजी विकते. तिच्या मिळकतीवर मी शिकलो आणि भरतीच्या मैदानावर पोहोचलो. इमा शेजारणीला काहीतरी म्हणाली, दोघी हसल्या. तिने माप भरून दिलं आणि वर एक मूठ तांदूळ घातला. भाव मात्र रुपयानेही उतरवला नाही.

संध्याकाळी घरी फोन लावला. आईला सगळं सांगितलं. तारघराची गोष्ट तिने दोनदा ऐकली. मग म्हणाली, "आणि तू तिच्याशी घासाघीस केलीस?"

"केली."

"लाज नाही वाटली?"