तिसरा व्हॉल्व्ह

शिर्डीत नगर-मनमाड रस्त्यालगतच्या गॅरेजात एखादी तरी जुनी पल्सर उभी दिसतेच. तिच्यावरची 'डीटीएस-आय' ही अक्षरं आम्हाला शाळेत असताना पाठ होती. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एवढाच तो अर्थ. दोन्हीकडून ठिणगी पडली की कमी पेट्रोलचं पातळ मिश्रणही लवकर आणि पुरतं जळतं.

आकुर्डीच्या बजाज ऑटोने १६ जुलै २००२ ला यासाठी अर्ज केला. २००५ मध्ये १९५९०४ क्रमांकाचं पेटंट मिळालं. पेटंटमध्ये वर्णन कितीही पानं चालो, हक्काची हद्द ठरते ती क्लेमच्या वाक्यांवरून. शेताच्या बांधासारखी. इथला बांध असा होता: फोर-स्ट्रोक इंजिन, ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, दोन प्लग.

२००७ मध्ये टीव्हीएसने १२५ सीसीची 'फ्लेम' आणली. प्लग दोनच, पण व्हॉल्व्ह तीन. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं.

माझ्यासारखा कोड लिहिणारा म्हणेल, अट 'दोन'ची आहे, तीन आले, विषय संपला. पण न्यायालयं क्लेम अशी वाचत नाहीत. ब्रिटनमधल्या कॅटनिक खटल्यात क्लेममध्ये पोलादी तुळईची मागची पट्टी 'उभी' असा शब्द होता. प्रतिस्पर्ध्याने ती काही अंश कलती केली. हाउस ऑफ लॉर्ड्सने विचारलं, या धंद्यातल्या जाणकाराला 'उभी' म्हणजे काटेकोर नव्वद अंश असं वाटलं असतं का? उत्तर 'नाही' आलं आणि पेटंटधारक जिंकला.

बजाजचं म्हणणं याच वळणाचं: शोधाचा गाभा दोन प्लग, व्हॉल्व्हची संख्या गौण. फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायाधीशांना ते सकृद्दर्शनी पटलं आणि मनाई हुकूम निघाला. टीव्हीएसने एका प्लगची फ्लेम विकायला काढली. मे २००९ मध्ये खंडपीठाने तोच क्लेम वाचून मनाई उठवली. दोन व्हॉल्व्ह तुम्हीच लिहिलेत, मग ते गौण कसे? मला खंडपीठाचं वाचन जास्त पटतं. गाभा फक्त दोन प्लगच धरला, तर होंडाचं जुनं अमेरिकन पेटंट आड येतं. दोन प्लगची कल्पना त्यात आधीच होती. बांध रुंद करायला जावं तर शेतच शेजाऱ्याचं निघायचं.

सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली, विकलेल्या गाड्यांचा चोख हिशोब ठेवायला सांगितलं आणि असे खटले साधारण चार महिन्यांत संपवा असं सगळ्या न्यायालयांना बजावलं.

हा खटला मात्र चार महिन्यांत संपला नाही. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं. तिसऱ्या व्हॉल्व्हचं काय, याचा अंतिम निकाल लागलाच नाही. पेटंटची वीस वर्षं जुलै २०२२ मध्ये भरली. फ्लेम त्याच्या कितीतरी आधी बाजारातून गेली होती.