देवळाशेजारची तालीम

मारुतीचे देऊळ तेथे तालीम, ही आपल्या वऱ्हाडातील जुनी रीत. तिच्यातूनच अमरावतीस सन १९१४ मध्ये अंबादासपंत व अनंत कृष्ण वैद्य या बंधूंनी हनुमान आखाडा काढला. पुढे त्याचेच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. कुस्ती, लाठी, लेझीम होतेच. पण खरी शान मल्लखांबाची. एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत लाकडी खांबावर अंग तोलणे म्हणजे पोरखेळ नव्हे! सन १९३६ मध्ये मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीस गेले. पदकासाठी नव्हे, देशी व्यायामाची प्रात्यक्षिके दाखविण्यास; आणि तेही देश पारतंत्र्यात असताना. आज तेथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय असून जिम्नॅस्टिक्स, जलतरण असे अनेक खेळ शिकवितात. सुरुवात मात्र आखाड्याच्या मातीतच झाली. म्हणून जीर्णोद्धार समितीस व देणगीदारांस नम्र विनंती, की आवारात फरशी बसविताना देवळामागील तालमीची माती तेवढी मोकळी ठेवावी.