तबकडीचं कूळ पळसाच्या फांदीवर

ग्रामोफोनची काळी तबकडी लाखेची असे, हे कळल्यापासून गडचिरोलीतला पळस मला वेगळाच दिसतो.

एडिसनचा फोनोग्राफ 1877 चा, बर्लिनरचा ग्रामोफोन 1887 चा. हे सर्वांना ठाऊक आहे. खरी गंमत पुढे आहे. बर्लिनरच्या कडक रबराच्या तबकड्या नीट ठसत नसत, मधेच आवाज बुडे. 1895 च्या सुमारास त्याने न्यू जर्सीतल्या ड्युरिनॉइड या बटणांच्या कारखान्याला गाठलं. लाखेत भुकटी मिसळायची, तापवायची आणि साच्यात दाबायची, ही तिथली कृती. बटणाची ही विद्या तबकडीने उचलली.

पण बटणवाल्यांकडे ती कुठून आली? काही जण सॅम्युएल पेककडे बोट दाखवतात. त्याने 1854 मध्ये लाख आणि लाकडाचा भुसा दाबून छायाचित्रांच्या डब्या केल्या. मला हे मूळ वाटत नाही. लाखेत दगडाची पूड कालवून बांगड्या वळणारे आणि विटकर मिसळून पोकळ दागिने भरणारे कारागीर आपल्याकडे पेकच्या कितीतरी आधीपासून होते. जगाला लाख मुख्यतः भारतच पुरवत असे. मालाबरोबर त्याची रीतही गेली असणार, असा माझा तर्क आहे.

लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांचा रस शोषतो आणि अंगाभोवती राळ सोडतो. पळस-बोरीवरची ती रंगिणी, कुसुमावरची कुसमी. फांद्या तोडून राळ खरवडतात, धुतात, वितळवून पातळ ताणतात. तोच सुताराचा चपडा. कलकत्त्यात 1908 पासून तबकड्या निघू लागल्या. छोटा नागपूर, छत्तीसगडच्या लाखेबरोबर आपल्या चांद्याची (आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीची) लाखही त्यांत गेली असणार, असं मी ठामपणे मानतो.

बालगंधर्वांचं पद वाजवणाऱ्या तबकडीवर गायकाचं नाव असे, कंपनीचं असे. फांद्या तोडणाऱ्या गोंड-माडियांचा उल्लेख नसे. 1948 नंतर विनाइल आलं आणि तबकडीसाठीची लाखेची मागणी ओसरली. लाख गोळा करणाऱ्याचा हक्क कायद्यात यायला 2006 उजाडलं: वनहक्क कायद्याच्या गौण वनोपजांत लाख आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला त्याखाली 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले.

तबकडीची कल्पना बर्लिनरची, पण तिचं द्रव्य जंगलाचं आणि ते काढणाऱ्या हातांचं. यंत्रांचा इतिहास लिहिताना या हातांचीही नोंद झालीच पाहिजे.