पुणें जिल्ह्यांतील सरकारी शाळा : पंतोजी, पगार व पट्टी (इ. स. १८२१–१८८४)

इंग्रजी अमलांतील शिक्षणाचा इतिहास आजवर बहुधा वरून खालीं लिहिला गेला आहे. विलायतेचे खलिते, गव्हर्नरांचीं टिपणें आणि बोर्डाचे ठराव यांचा त्यांत सुकाळ; परंतु खेड्यांतील शाळेच्या पंतोजीस दरमहाचा पगार कोणाच्या गांठीचा मिळे, आणि तो पंतोजी कोणी नेमावा, या दोन साध्या प्रश्नांकडे लक्ष थोडें गेलें. प्रस्तुत लेखांत आम्ही पुणें जिल्ह्यापुरता हाच विचार करणार आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या शाळांस सरकारी म्हणत असले तरी इ. स. १८६३ नंतर खेड्यांतील शाळांचा मोठा भार शेतसारा भरणाऱ्या रयतेनें वाहिला. आणि ज्या गांवानें भार वाहिला त्या गांवास शाळा मिळालीच असें मात्र नाहीं.

पेशवाईंत प्राथमिक शाळा चालविणें हें सरकारचें काम मानलेलें नव्हतें. देवळांत अगर एखाद्या गृहस्थाच्या ओसरीवर पंतोजी मुलें जमवी; धूळपाटीवर अक्षरें, मग मोडी, पाढे व हिशेब असा क्रम चाले; आणि पालक त्यास थोडी रोकड, धान्य व सणावारीं शिधा देत. इ. स. १८२० नंतरच्या दशकांत मुंबई सरकारनें अशा शाळांची मोजदाद करविली, तेव्हां इलाख्यांत सुमारें १,७०५ शाळा व ३५ हजारांवर विद्यार्थी आढळले. सरकारचा हात सैल होई तो विद्वानांच्या बाबतींत. श्रावणमासची दक्षिणा हें त्याचें ठळक उदाहरण होय. एल्फिन्स्टन यांनीं हीच वाट धरली. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत जी संस्कृत पाठशाळा उघडली, तिचा खर्च दक्षिणेच्या रकमेंतून निघाला. म्हणजे नव्या अमलांतील पुण्याची पहिली सरकारी शिक्षणसंस्था जुन्या राज्याच्या धर्मादायावर उभी राहिली.

मराठी शाळांचा उद्योग मुंबईंत इ. स. १८२२ सालीं स्थापन झालेल्या मंडळीनें हातीं घेतला. ही मंडळी पुढें बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नांवानें प्रसिद्ध झाली. क्याप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं २४ शिक्षक तयार करून इ. स. १८२६ त ते गुजराथ, दक्षिण व कोंकण या भागांत पाठविण्यांत आले. संख्या अल्प, पण फरक मोठा होता. जुना पंतोजी गांवचा आश्रित. त्याची विद्या गांवास पटली नाहीं तर शिधा बंद. नवा शिक्षक बाहेरून नेमलेला, छापील पुस्तकें शिकविणारा, सरकारी पैशावर पगार घेणारा. त्यास गांवाची मर्जी राखण्याचें कारण उरलें नाहीं, आणि गांवासही त्याच्या नेमणुकींत बोलण्यास जागा राहिली नाहीं.

याला अपवाद म्हणून पुरंदर तालुक्यांतील प्रयोगाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. इ. स. १८३६ च्या सुमारास शॉर्टरीड नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या खटपटीनें तेथें खेड्यांच्या शाळा निघाल्या, आणि पुढील थोड्या वर्षांत त्यांची संख्या साठांवर गेली. देशी शाळांच्या धर्तीवर त्या चालत. शिक्षकांचा पगार सोसायटीच्या शिक्षकांहून पुष्कळ कमी असे. एका तालुक्यांत इतक्या शाळा चालूं शकल्या याचें इंगित या काटकसरींत आहे. जास्त पगाराचे थोडे शिक्षक, कीं कमी पगाराचे पुष्कळ, हा पेंच पुढें पन्नास वर्षें सुटला नाहीं.

इ. स. १८४० त सोसायटीच्या व पुरंदरच्या शाळा नव्या बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या ताब्यांत आल्या. बोर्डाजवळ पैसा बेताचा, आणि शाळा मागणारे गांव अधिक. तेव्हां इ. स. १८५० नंतर असें धोरण पडलें कीं, नवी शाळा हवी असल्यास लोकांनीं शिक्षकाचा निम्मा पगार द्यावा आणि घर व पुस्तकें पुरवावीं. इ. स. १८५४ च्या खलित्यानंतर पुढल्याच वर्षीं बोर्ड जाऊन विद्याखातें आलें, तरी निम्म्या वर्गणीची रीत कांहीं काळ टिकली. वरकरणीं हा नियम न्याय्य वाटतो. तथापि वर्गणी वर्षानुवर्षें देणें हें पेठेच्या गांवांस जमे. पावसावर अवलंबून असलेल्या कोरडवाहू खेड्यास जमत नसे. एक साल बुडालें कीं वर्गणी थके, आणि वर्गणी थकली कीं शाळेचा पाया डळमळे.

हा अस्थिरपणा घालविण्यासाठीं इ. स. १८६३ पासून सर बार्टल फ्रीअर यांच्या कारकीर्दींत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंडाची पट्टी बसूं लागली. इ. स. १८६९ च्या तिसऱ्या अॅक्टानें तिला कायद्याचें बळ मिळालें. उत्पन्नाचे दोन भाग सडका वगैरे कामांस आणि तिसरा भाग शाळांस, अशी वांटणी होती.

आतां हिशेब मांडून पाहूं. १६ रुपये सारा भरणारा कुणबी पट्टीचा १ रुपया देई. त्यांतील ५ आणे ४ पै शाळेच्या वांट्यास येत. म्हणजे शाळेस साऱ्याचा अठ्ठेचाळिसावा हिस्सा. शिक्षकाचा पगार दरमहा १२ रुपये धरला तर वर्षाचे १४४ रुपये झाले. आणि निव्वळ पट्टींतून तेवढी रक्कम निघण्यास ६,९१२ रुपये साऱ्याचा मुलूख लागला. एवढा सारा एकट्या लहान खेड्याचा असणें शक्य नाहीं. फी व सरकारी मदत यांची भर पडे हें खरें. तरी अनेक गांवांची पट्टी एकत्र झाल्याशिवाय एक शाळा उभी राहत नसे, हें या आंकड्यांवरून उघड होतें. शाळा साहजिकच मोठ्या गांवीं उघडे. भोंवतालचीं खेडीं पट्टी भरीत आणि मुलें मात्र गुरांमागें जात. शिवाय पट्टी जमिनीच्या साऱ्यावर होती. शहरांतील व्यापारी, वकील व कारकून यांवर ती बसत नसे. तरी शहरांतील शाळांवर लोकलफंडाचा पैसा खर्च होई.

पैशाची ही कथा. माणसांची याहून निराळी नाहीं. मुंबईस इ. स. १८४५ त बाळशास्त्री जांभेकर यांच्या हाताखालीं शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला, पण पुढच्याच वर्षीं शास्त्रीबोवा निवर्तले. पुढें पुण्यास ट्रेनिंग कॉलेज झालें. कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याचे प्रमुख होते. इ. स. १८७५ त बंद पडेपर्यंत 'शालापत्रक' हें मासिक शिक्षकांच्या हातीं जात असे. या खात्यांत बुद्धिमान मनुष्यास वर चढण्यास वाट होती. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत रत्नागिरीस शिक्षक होते, ते इ. स. १८६६ त असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर होऊन पुण्यास आले. परंतु या वाटेनें जाण्यास आधीं घरीं अक्षरओळख लागे. ती ज्या घराण्यांत पिढीजात होती, त्यांतूनच शिक्षक निघाले. पट्टी एका वर्गाची आणि पगार दुसऱ्या वर्गाचा, असा हा प्रकार झाला.

ही गोष्ट स्वच्छपणें बोलून दाखविली ती जोतीराव फुले यांनीं. इ. स. १८४८ पासून पुण्यांत स्वतः शाळा चालविलेल्या या गृहस्थांनीं इ. स. १८८२ त हंटर कमिशनपुढें लेखी साक्ष दिली. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामाचा असून तिच्या शिक्षणावर खर्च अत्यल्प होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतले, नांगर धरण्याची लाज न वाटणारे व शिकून तयार झालेले असावेत. पगार १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं १५ किंवा २० असावा. आणि लोकलफंडाचा निदान निम्मा भाग प्राथमिक शिक्षणास द्यावा, अशा त्यांच्या सूचना होत्या. वरील हिशेबास ही शेवटची सूचना लावून पाहावी. तिसऱ्याऐवजीं निम्मा भाग मिळाला असता तर त्याच १२ रुपयांच्या शिक्षकास ६,९१२ ऐवजीं ४,६०८ रुपये साऱ्याचा मुलूख पुरला असता. म्हणजे जेथें दोन शाळा होत्या तेथें तीन झाल्या असत्या. फुले यांची मागणी नुसत्या भावनेची नव्हती. तिच्या मुळाशीं जमाखर्च होता.

इ. स. १८८४ च्या कायद्यांनीं जिल्हा व तालुका लोकलबोर्डें निघालीं, आणि शहरच्या प्राथमिक शाळा म्युनिसिपालिट्यांच्या अंगावर आल्या. शहराचा भार खेड्यावर पडण्याची रीत येथून कायद्यानें मोडूं लागली.

लोकलफंडाच्या पट्टीस केवळ दोष देणें आमच्या मतें योग्य होणार नाहीं. शाळेस कायमचें उत्पन्न पहिल्यानें तिनेंच दिलें. अधिकाऱ्याच्या उत्साहावर किंवा गांवच्या वर्गणीवर शाळा टांगून राहण्याचे दिवस तिनें संपविले. दोष पट्टींत नसून वांटणींत व नेमणुकींत होता.

तथापि ही वांटणी गांवोगांवीं प्रत्यक्ष कशी पडली, हें केवळ खात्याच्या छापील अहवालांवरून कळणार नाहीं. त्याचें साधन कुलकर्ण्यांच्या दप्तरांत आहे. आमच्या संग्राहक मित्रांची दृष्टि सनदा, बखरी व पत्रें यांवर असते, आणि इंग्रजी अमलांतील मोडी कागद अर्वाचीन म्हणून बाजूस पडतात. आमची विनंती अशी कीं, जमाबंदीचीं पत्रकें, लोकलफंडाच्या वसुलाच्या याद्या, शाळेचे हजेरीपट, तपासनिसांचे शेरे व पगाराच्या पावत्या हातीं आल्यास त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. एका गांवाची पट्टी आणि त्याच गांवाचा हजेरीपट शेजारीं ठेवतां आला, तर कोणीं भरलें आणि कोण शिकलें, हें नांवनिशीवार सांगतां येईल.